परानुकंपी चेतासंस्थेला चालना देणारी औषधे : उपचार आणि विषबाधा

प्रस्तावना

काचबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात घातला जाणारा थेंब, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाला दिली जाणारी गोळी आणि कपाशीवर फवारले जाणारे कीटकनाशक या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. परंतु औषधशास्त्राच्या दृष्टीने या तिन्ही गोष्टी एकाच कुळातील आहेत. शरीरातील एका विशिष्ट चेतासंस्थेचे काम वाढविणे हा तिघींचा समान गुणधर्म होय. थेंब आणि गोळी हे काम मोजून-मापून करतात म्हणून ती औषधे ठरतात. कीटकनाशक तेच काम बेसुमार करते म्हणून ते विष ठरते. हे नाते ज्याला समजले, त्याला औषध का व कसे घ्यावे हेही समजते आणि विषबाधेची लक्षणे वेळीच ओळखणेही शक्य होते. प्रस्तुत लेखात या औषधांची माहिती, त्यांच्या शोधाचा इतिहास, वैद्यकातील उपयोग आणि धोके यांचा विचार केला आहे.

स्वायत्त चेतासंस्थेची दोन अंगे

हात उचलणे, चालणे, बोलणे या क्रिया माणूस आपल्या इच्छेने करतो. परंतु हृदयाचे ठोके, अन्नाचे पचन, लाळ सुटणे, डोळ्याची बाहुली लहान-मोठी होणे या क्रिया इच्छेवर अवलंबून नसतात. त्या झोपेतही चालू असतात. त्यांचे नियंत्रण करणाऱ्या व्यवस्थेला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. तिची दोन प्रमुख अंगे आहेत. एक अनुकंपी व दुसरे परानुकंपी.

अनुकंपी चेतासंस्था ही संकटकाळाची व्यवस्था आहे. समोर साप दिसला की छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, बाहुल्या मोठ्या होतात आणि पाय पळण्यास सज्ज होतात. परानुकंपी चेतासंस्था ही स्वस्थतेची व्यवस्था आहे. जेवण करून माणूस निवांत बसला की तिचे काम वाढते. ती हृदयाची गती कमी करते, लाळ व पाचकरस सोडते, आतड्यांची हालचाल वाढविते, मूत्राशय आकुंचित करून लघवी बाहेर टाकते, श्वासनलिका काहीशी अरुंद करते आणि बाहुली लहान करते. मेंदूतून निघून छाती व पोटापर्यंत जाणारी दहावी मस्तिष्क चेता, म्हणजे व्हेगस, ही या संस्थेची सर्वांत मोठी वाहिनी होय.

ही दोन्ही अंगे तराजूच्या दोन पारड्यांसारखी आहेत. एकाचे वजन वाढविले तर दुसरे आपोआप हलके होते. परानुकंपी पारड्यात वजन टाकणारी औषधे हाच या लेखाचा विषय आहे.

ॲसिटिलकोलीनचा शोध

चेतातंतूतून येणारा संदेश हृदयापर्यंत किंवा आतड्यापर्यंत नेमका कसा पोहोचतो, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी वादाचा होता. काही शास्त्रज्ञांच्या मते तो विजेच्या रूपाने थेट उडी घेत असे, तर काहींच्या मते मध्ये एखादे रसायन असावे. ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठातील ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये हा प्रश्न एका साध्या प्रयोगाने सोडविला. त्यांनी बेडकांची दोन हृदये घेतली. पहिल्या हृदयाची व्हेगस चेता उत्तेजित करताच त्याचे ठोके मंदावले. मग त्या हृदयाभोवतीचा द्रव त्यांनी दुसऱ्या हृदयात घातला. दुसऱ्या हृदयाच्या चेतेला कोणीही हात लावला नव्हता, तरी तेही मंदावले. म्हणजे चेतेच्या टोकातून एखादे रसायन पाझरत होते. या प्रयोगाची कल्पना आपल्याला स्वप्नात सुचली, असे लोवी सांगत असत.

ते रसायन ॲसिटिलकोलीन असल्याचे पुढे सिद्ध झाले. इंग्लंडमधील हेन्री डेल यांनी १९१४ मध्येच ॲसिटिलकोलीनच्या गुणधर्मांचा अभ्यास करून त्याच्या कार्याचे दोन प्रकार दाखविले होते. एक, मस्करीन या अळंबीतील विषासारखे कार्य. हृदय, आतडी, ग्रंथी, मूत्राशय व डोळा येथे ते दिसते. दुसरे, तंबाखूतील निकोटीनसारखे कार्य. ते हातापायांच्या स्नायूंवर आणि चेतांच्या गाठींवर दिसते. डेल व लोवी यांना १९३६ चा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. लोवी ज्यू होते. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर त्यांना अटक झाली आणि पुरस्काराची रक्कम नाझींच्या हवाली केल्यावरच त्यांना देश सोडता आला.

येथे आणखी एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. ॲसिटिलकोलीन आपले काम क्षणार्धात करते आणि नाहीसे होते. त्याचे विघटन करणारे कोलिनेस्टरेज नावाचे विकर चेतेच्या टोकाजवळच असते. या विकराचा एक रेणू एका सेकंदात ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू फोडतो. त्यामुळे संदेश येतो आणि लगेच पुसला जातो. पाटी पुसलीच नाही तर पुढचे अक्षर कोठे लिहिणार? हे विकर बंद पडल्यास नेमकी हीच अवस्था होते.

औषधांचे दोन प्रकार

शुद्ध ॲसिटिलकोलीन औषध म्हणून फारसे उपयोगी पडत नाही, कारण रक्तात जाताच ते फुटून जाते. म्हणून वैद्यकाने दोन मार्ग शोधले. पहिला मार्ग म्हणजे ॲसिटिलकोलीनसारखेच काम करणारा, पण लवकर न फुटणारा पदार्थ देणे. पायलोकार्पीन व बेथानेकॉल ही या गटातील औषधे होत. दुसरा मार्ग म्हणजे फोडणाऱ्या विकरालाच काही काळ अडवून धरणे, जेणेकरून शरीराचे स्वतःचे ॲसिटिलकोलीन जास्त वेळ टिकेल. फायसोस्टिग्मीन, निओस्टिग्मीन, पायरिडोस्टिग्मीन व डोनेपेझिल ही औषधे या गटात मोडतात. पहिल्या गटाला प्रत्यक्ष व दुसऱ्या गटाला अप्रत्यक्ष कार्य करणारी औषधे म्हणतात.

विकर अडविणाऱ्या पहिल्या औषधाचा उगम एका विषारी बीमध्ये आहे. आजच्या नायजेरियातील कॅलाबार प्रदेशात, जादूटोण्याचा आरोप असलेल्या माणसाला एका वेलीच्या बिया खाऊ घालून न्याय करण्याची प्रथा होती. तो मेला तर दोषी आणि उलटी होऊन वाचला तर निर्दोष. एडिंबरो येथील प्राध्यापक रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी १८५५ मध्ये या बीचा थोडा भाग स्वतः खाऊन पाहिला आणि प्रकृती ढासळताच दाढीचे साबणाचे पाणी पिऊन उलटी केली. १८६४ मध्ये या बीतून फायसोस्टिग्मीन वेगळे काढण्यात आले. १९३५ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन यांनी ते प्रयोगशाळेत तयार करून दाखविले. ज्युलियन यांचे आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मले होते. एवढे मोठे संशोधन करूनही केवळ वर्णामुळे त्यांना त्या विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले नाही.

डोळा व तोंड यांचे विकार

या औषधांचा सर्वांत जुना उपयोग काचबिंदूवर झाला. डोळ्याच्या आत सतत एक द्रव तयार होत असतो व बारीक जाळीतून बाहेर जात असतो. ही वाट अडली की डोळ्यातील दाब वाढतो आणि दृष्टीची चेता हळूहळू सुकते. मोतीबिंदूमुळे गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत येते, काचबिंदूमुळे गेलेली येत नाही. हा फरक अनेक कुटुंबांना माहीत नसतो आणि 'मोतीबिंदू पिकू द्या' म्हणत काचबिंदूचा रुग्ण घरी बसून राहतो.

ब्राझीलमधील जाबोरांडी या झुडपाच्या पानांतून १८७५ मध्ये पायलोकार्पीन वेगळे करण्यात आले आणि लवकरच ते काचबिंदूसाठी वापरले जाऊ लागले. त्याच्या थेंबाने बाहुली आकसते, द्रव बाहेर जाण्याची वाट मोकळी होते आणि दाब उतरतो. नंतरच्या काळात याहून सोयीची औषधे आली. त्यामुळे रोजच्या उपचारातून पायलोकार्पीन मागे पडले आहे. तरीही बाहुलीजवळची वाट अचानक बंद होऊन तीव्र दुखणे उद्भवते, अशा वेळी त्याचा उपयोग आजही होतो. २०२१ मध्ये अमेरिकेत पायलोकार्पीनच्या सौम्य थेंबांना चाळिशीच्या दृष्टिदोषासाठी मान्यता मिळाली. बाहुली लहान झाल्याने जवळचे अक्षर स्पष्ट दिसते, हे त्यामागील तत्त्व. मात्र त्याच कारणाने अंधारात कमी दिसते. म्हणून हे थेंब घालून रात्री वाहन चालविणे धोक्याचे आहे.

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार झालेल्या रुग्णाच्या लाळग्रंथी निकामी होतात. तंबाखू व गुटख्यामुळे आपल्याकडे अशा रुग्णांची संख्या मोठी आहे. त्यांना भाकरीचा कोरडा घासही गिळता येत नाही, बोलताना जीभ टाळूला चिकटते, दात किडतात. ग्रंथींत थोडीफार शक्ती शिल्लक असेल तर पायलोकार्पीनच्या गोळ्यांनी लाळ वाढते. घाम जास्त येणे हा तिचा नेहमीचा दुष्परिणाम आहे.

मूत्राशय, स्नायू व सर्पदंश

शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर काही रुग्णांचे मूत्राशय सुस्त पडते व लघवी तुंबते. अशा वेळी बेथानेकॉल देता येते. परंतु लघवीच्या वाटेत अडथळा असेल, उदाहरणार्थ वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, तर हे औषध देऊ नये. दार बंद असताना आतून जोर लावल्यास भिंतीला इजा होते, तसाच हा प्रकार आहे.

स्नायूंवरील उपयोगाचा इतिहास उद्बोधक आहे. मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकारात पापण्या मिटू लागतात, अन्न गिळणे जड जाते आणि दिवस चढेल तसा थकवा वाढतो. ग्रीनिच येथील रुग्णालयातील डॉ. मेरी वॉकर यांच्या लक्षात आले, की ही लक्षणे क्युरारे या बाणांना लावल्या जाणाऱ्या विषाच्या लक्षणांसारखी आहेत. क्युरारेवर फायसोस्टिग्मीन हा उतारा ठाऊक होता. १९३४ मध्ये त्यांनी तेच औषध मायस्थेनियाच्या रुग्णाला टोचले आणि काही वेळातच रुग्णाच्या अंगात बळ आले. आज या विकारासाठी पायरिडोस्टिग्मीनच्या गोळ्या दिल्या जातात. येथे औषधाचे काम परानुकंपी संस्थेवर नसून इच्छेने हलणाऱ्या स्नायूंवर होते. पोटात मुरडा येणे, लाळ सुटणे हे परानुकंपी परिणाम मात्र दुष्परिणाम म्हणून सोबत येतात.

शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ स्नायू सैल करणारी औषधे देतात. शस्त्रक्रिया संपल्यावर रुग्णाने स्वतः श्वास घ्यावा म्हणून निओस्टिग्मीन टोचले जाते. त्यामुळे हृदय मंद होऊ नये यासाठी सोबत ॲट्रोपीन किंवा ग्लायकोपायरोलेट हे विरोधी औषध देतात. म्हणजे स्नायूंवरील परिणाम हवा तेवढा घ्यायचा आणि परानुकंपी परिणाम थोपवायचा.

हाच उपाय ग्रामीण भागातील सर्पदंशात कामी येतो. नागाचे विष ॲसिटिलकोलीनला स्नायूवर पोहोचू देत नाही. त्यामुळे पापण्या झुकतात आणि श्वास थांबू लागतो. प्रतिविष हाच मुख्य उपचार आहे. त्याच्या जोडीला ॲट्रोपीनसह निओस्टिग्मीन दिल्यास स्नायूंना बळ मिळते. मण्यारीचे विष मात्र चेतेच्या टोकालाच इजा करते, ॲसिटिलकोलीन सुटतच नाही. म्हणून मण्यारीच्या दंशात या औषधाचा फारसा लाभ होत नाही. हे सर्व उपचार रुग्णालयातच शक्य आहेत. मांत्रिकाकडे घालविलेला वेळ परत मिळत नाही.

स्मृतिभ्रंश आणि मेंदू

अल्झायमर विकारात मेंदूतील ॲसिटिलकोलीन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. म्हणून विकर अडविणारी औषधे मेंदूसाठी वापरण्याचा विचार पुढे आला. टॅक्रीन हे पहिले औषध १९९३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, पण यकृताला इजा करीत असल्याने ते मागे पडले. त्यानंतर डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मीन व गॅलँटामीन आली. गॅलँटामीन हे मूळचे एका फुलझाडाच्या कंदातून मिळालेले औषध आहे.

या औषधांकडून अपेक्षा किती ठेवावी, हे कुटुंबीयांनी समजून घेतले पाहिजे. ती विकार बरा करीत नाहीत आणि पेशींचा नाश थांबवीत नाहीत. काही रुग्णांत स्मरण व दैनंदिन व्यवहार काही काळ थोडे सुधारतात किंवा टिकून राहतात. मळमळ, जुलाब, भूक मंदावणे, नाडी मंद होणे व चक्कर येऊन पडणे हे त्यांचे दुष्परिणाम होत.

येथे एक चूक वारंवार घडते. डोनेपेझिलमुळे वृद्धाला लघवी आवरत नाही. घरचे लोक दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात, पण पहिल्या गोळीचा उल्लेख करीत नाहीत. दुसरे डॉक्टर लघवी आवरण्यासाठी ऑक्सिब्युटिनिनसारखे ॲसिटिलकोलीनविरोधी औषध देतात. आता एक गोळी ॲसिटिलकोलीन वाढविते आणि दुसरी ते अडविते. रुग्णाला लाभ कशाचाच होत नाही, उलट गोंधळलेपण वाढते. सर्दीवरील व झोपेच्या काही साध्या औषधांतही असाच विरोधी गुण असतो. म्हणून वृद्धांची सर्व औषधे एका पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरांना दाखविणे हा साधा पण मोलाचा नियम आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी झॅनोमेलीन व ट्रोस्पियम यांच्या जोड औषधाला मान्यता मिळाली. झॅनोमेलीन मेंदूतील मस्करीनी ग्राहकांना चालना देते. ट्रोस्पियम मेंदूत फारसे शिरत नाही, ते पोट व इतर अवयवांवरील नको असलेले परिणाम अडविते. भूलतज्ज्ञांची जुनी युक्ती येथे नव्या रूपात दिसते.

तेच कार्य, पण विष

१९३० च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे कीटकनाशकांवर संशोधन करीत होते. त्यातून ऑरगॅनोफॉस्फेट गटातील अतिविषारी रसायने निर्माण झाली. टॅबून व सॅरिन हे युद्धातील विषारी वायू त्याच संशोधनातून आले. शेतीत वापरली गेलेली मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस ही कीटकनाशके याच कुळातील होत. फायसोस्टिग्मीन कोलिनेस्टरेजला काही तास अडविते आणि सोडून देते. ऑरगॅनोफॉस्फेट मात्र त्याला घट्ट जखडते आणि काही वेळाने ही पकड कायमची होते. मग शरीराला नवे विकर तयार करावे लागते, त्याला अनेक दिवस लागतात.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेतील माध्यान्ह भोजनातून मोनोक्रोटोफॉस पोटात गेल्याने २३ बालकांचा मृत्यू झाला. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या फवारण्यांत निरनिराळी रसायने होती व ऑरगॅनोफॉस्फेट हा त्यांपैकी एक गट होता. हे विष केवळ पोटातूनच जाते असे नाही. ते कातडीतून व श्वासातूनही शरीरात शिरते.

विषबाधेची लक्षणे म्हणजे परानुकंपी संस्थेच्या नेहमीच्या कामांचीच अतिशयोक्ती होय. लाळ व डोळ्यांतून पाणी वाहते, घामाने अंग भिजते, उलट्या-जुलाब होतात, पोटात कळा येतात, लघवी सुटते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत घरघर होते. पुढे स्नायू फडफडतात, मग लुळे पडतात आणि श्वास थांबतो. शेतातून आलेल्या माणसाला उलट्या होऊ लागल्या की 'ऊन लागले' किंवा 'बाधले' असे म्हटले जाते. परंतु बारीक बाहुल्या आणि तोंडाला सुटलेली लाळ ही विषबाधेची खूण मानावी.

उपचारात ॲट्रोपीनला पहिले स्थान आहे. धोतऱ्यात आढळणारे हे द्रव्य ॲसिटिलकोलीनचे मस्करीनी कार्य अडविते. छातीतील स्राव कमी होऊन श्वास मोकळा होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावे लागते. उलटपक्षी, धोतऱ्याच्या विषबाधेत फायसोस्टिग्मीन हा उतारा ठरू शकतो. दोन विषे एकमेकांचे उतारे व्हावेत, हे या शास्त्राचे वैशिष्ट्य होय. जखडलेले विकर मोकळे करण्यासाठी प्रॅलिडॉक्झिम हे औषध आहे. बारामती येथील डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेला त्याचा अभ्यास २००६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. औषध अधूनमधून टोचण्यापेक्षा मोठ्या मात्रेत सतत दिल्यास मृत्यू कमी होतात, असे त्यात आढळले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतील अभ्यासात मात्र असा लाभ दिसला नाही. त्यामुळे हा प्रश्न अद्याप पूर्ण सुटलेला नाही. ॲट्रोपीन आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास यांचे महत्त्व मात्र निर्विवाद आहे.

घ्यावयाची काळजी

विषबाधा झालेल्यास प्रथम शेतातून मोकळ्या हवेत आणावे. त्याचे कपडे काढून अंग, केस व नखे साबणाने व भरपूर पाण्याने धुवावीत. धुणाऱ्याने स्वतःच्या हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी. बळेच उलटी करवू नये, दूध-तूप पाजू नये. रुग्णाला डाव्या कुशीवर ठेवून त्वरित रुग्णालयात न्यावे आणि औषधाचा डबा किंवा बाटली सोबत न्यावी. रुग्ण सावरल्यासारखा वाटला तरी एक ते चार दिवसांत श्वासाचे स्नायू पुन्हा लुळे पडू शकतात. म्हणून डॉक्टरांनी सोडेपर्यंत घरी आणू नये.

औषध म्हणून ही द्रव्ये घेणाऱ्यांनीही काही गोष्टी पाळाव्यात. दमा, मंद नाडी, पोटातील व्रण किंवा आतड्यातील अडथळा असल्यास तो आधीच सांगावा. डोळ्यात थेंब घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा, म्हणजे औषध नाकातून रक्तात कमी जाते. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना या औषधांची कल्पना द्यावी, कारण स्नायू सैल करणाऱ्या काही औषधांचा परिणाम त्यांच्यामुळे लांबतो.

समारोप

कॅलाबारच्या बीपासून डोनेपेझिलपर्यंतचा हा प्रवास म्हणजे एकाच रसायनाच्या आकलनाचा प्रवास आहे. ज्या बीने निरपराध माणसांचे प्राण घेतले, तिच्यातूनच मायस्थेनियाच्या रुग्णांना बळ देणारे औषध मिळाले. आणि त्याच तत्त्वावर तयार झालेले कीटकनाशक आज शेतमजुराच्या जिवावर उठते. द्रव्य औषध आहे की विष, हे त्याच्या मात्रेवरून, ते टिकते किती वेळ यावरून आणि ते वापरणाऱ्याला काय माहीत आहे यावरून ठरते. पहिल्या दोन गोष्टी शास्त्रज्ञ व डॉक्टर सांभाळतात. तिसरी गोष्ट शिक्षणाच्या कक्षेत येते. फवारणी करणाऱ्याच्या घरातील शाळकरी मुलाला बारीक बाहुल्यांचा अर्थ ठाऊक असेल, तर रुग्णालय गाठण्यापूर्वीचा मोलाचा वेळ वाया जाणार नाही.